अंगच्या पाण्यात शिजणारी भाजी

माझी भाची लग्नानंतर अमेरिकेत गेली, त्या पहिल्याच उन्हाळ्यात तिचा फोन आला. "मावशी, इथे झुकिनी ढिगाने मिळते, स्वस्तही असते. पण मी केलेली भाजी घरात कोणी खात नाही. नुसतं पाणी पाणी होतं." फोडणीत टाकल्यावर पाणी किती घातलंस, असं मी विचारलं. "जास्त नाही गं, वाटीभर." भाजी तिथेच बिघडली होती.

ज्या भाजीच्या शंभर भागांत पंच्याण्णव भाग पाणीच आहे, तिला वरून पाणी कशाला? तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे. झुकिनी आता पुण्या-मुंबईतही सहज मिळते, लोक हौसेने घेऊन येतात आणि एकदा फसली की पुन्हा तिच्याकडे वळून बघत नाहीत. शिवाय याच चुकीपायी आपल्या घरचे दोडके, दुधी आणि पडवळही बेचव होतात आणि मुलं ताटात बाजूला सारतात. पद्धत एकदा हाताला बसली की या सगळ्याच भाज्या सुधारतात.

झुकिनी म्हणजे कोवळा भोपळा, इतकं आधी ध्यानात घ्या. इंग्रजीत तिला आणि तिच्या भावंडांना मिळून समर स्क्वॉश म्हणतात, म्हणजे उन्हाळी भोपळा. आपला लाल भोपळा वेलावर पूर्ण पिकू देतात, साल टणक होते आणि तो महिनोन्महिने टिकतो. झुकिनीचं उलट आहे. फूल उमललं की आठवड्याभरात फळ तोडायचं, आतल्या बिया तयार व्हायच्या आधी. म्हणून तिची साल पातळ राहते, बी काढावं लागत नाही आणि शिजायला मोजकी मिनिटं पुरतात. हे कुळ मूळचं मेक्सिकोकडचं. तिथल्या ओहाका राज्यात गिला नाकित्झ नावाची गुहा आहे, तिच्यात माणसाने लावलेल्या भोपळ्याच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. स्क्वॉश हा शब्दसुद्धा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नॅरागॅन्सेट या मूळनिवासी लोकांच्या भाषेतून आला. मूळ शब्दाचा अर्थ 'हिरवं, कच्चं खायचं ते' असा. भाजीचा सगळा स्वभाव त्या एका शब्दात आलेला आहे. आज दुकानात दिसते ती लांबोडकी झुकिनी मात्र पुढे इटलीत, मिलानच्या परिसरात तयार झाली. तिथे भोपळ्याला झुक्का म्हणतात आणि झुकिनी म्हणजे छोटे भोपळे.

हिरवी, पिवळी, फिकट पोपटी, चेंडूसारखी गोल, कडेला कंगोरे असलेली चपटी, असे तिचे अनेक प्रकार असतात. चवीत थोडा फरक असला तरी करायची रीत एकच.

पोषणाचं बोलायचं तर तिच्याबद्दल भलते दावे करू नयेत आणि तिला कमीही लेखू नये. १०० ग्रॅम कच्च्या झुकिनीत साधारण १७ किलोकॅलरी ऊर्जा, ३ ग्रॅम कर्बोदकं, १ ग्रॅम तंतू, १८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि २६० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. म्हणजे पोटभर खाल्ली तरी जड होत नाही आणि मधुमेह असलेल्यांनाही निर्धास्त वाढता येते. सालीत ल्युटिन असतं, डोळ्यांसाठी उपयोगी. ते तेलातुपासोबत अंगी लागतं, म्हणून बिनतेलाची नुसती उकडलेली भाजी खाण्यात काही शहाणपण नाही. चमचा-दोन चमचे तेलाची फोडणी हवीच. प्रथिनं मात्र जेमतेम सव्वा ग्रॅम. तेव्हा नुसत्या झुकिनीवर जेवण भागवू नका. डाळ, दाण्याचं कूट, बेसन, दही किंवा अंडं यांपैकी काहीतरी तिच्या जोडीला असू द्या. मूत्रपिंडाचा विकार असून पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलेलं असेल, तर ही भाजी किती खायची ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

आता बाजारात चला. मोठी दिसली की फायद्याची वाटते, पण तसं नसतं. वीतभर लांबीची, दोन-अडीच बोटं जाडीची, हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागणारी निवडा. साल तुकतुकीत हवी आणि नख सहज रुतायला हवं. देठाचा काप ताजा, ओलसर दिसला पाहिजे. सालीवर बारीक ओरखडे असतील तर बिघडत नाही, साल इतकी कोवळी असते की हाताळताना ओरखडे पडतातच. टोकाशी मऊ पडलेली, सुरकुतलेली मात्र घेऊ नका. घरी आणल्यावर न धुता, कागदात गुंडाळून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा. धुऊन ओली ठेवली तर लवकर बुळबुळीत होते.

साल काढायची नाही. हे दोनदा सांगावं लागतं, कारण दुधी सोलायची सवय हाताला इतकी असते की सोलाणं आपोआप पुढे येतं. दोन्ही टोकं कापा, उभे दोन भाग करा आणि आडव्या अर्धचंद्री फोडी चिरा. जाडी अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास, साधारण करंगळीच्या अर्धी. यापेक्षा पातळ चिरलीत तर लगदा होतो, जाड चिरलीत तर बाहेरून मऊ आणि आतून कच्ची राहते. सगळ्या फोडी एकसारख्या असणं इथे बटाट्याच्या भाजीपेक्षा जास्त महत्त्वाचं, कारण शिजायला एकूण वेळच सहा-सात मिनिटांचा. चिरल्यावर पाण्यात टाकू नका. धुवायचं ते आधी अख्खी असताना, आणि पुसूनही घ्या.

चार माणसांना तोंडीलावणं म्हणून अर्धा किलो झुकिनी पुरते. पसरट कढई किंवा मोठा तवा घ्या. उभट पातेल्यात हा पदार्थ जमत नाही, कारण फोडी एकमेकींवर रचल्या गेल्या की खालच्या फोडी वरच्यांच्या पाण्यात उकडतात. दोन चमचे तेल चांगलं तापू द्या. मोहरी, ती तडतडली की जिरं, चिमूटभर हिंग, चार-पाच ठेचलेल्या लसणीच्या पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या आणि थोडी हळद. लसूण गुलाबी झाली की लगेच फोडी टाका आणि आच मोठी ठेवा. पहिल्या मिनिटाला एकदा वरखाली करा आणि मग हात आवरा. दीड-दोन मिनिटं त्यांना कढईच्या तळाशी तशाच राहू द्या. सतत ढवळण्याचा मोह होतो, पण फोडीची एक बाजू तांबूस झाल्याशिवाय झुकिनीला चव येत नाही. तिचा स्वतःचा स्वाद सौम्य आहे, भाजल्याने तो गोडसर आणि खमंग होतो. मग उलथन्याने हलक्या हाताने उलटा, आणखी दोन मिनिटं ठेवा. फोड बोटाने दाबली तर दबावी पण मोडू नये, एवढी झाली की गॅस बंद. कढईच्या उष्णतेत ती पुढे आणखी थोडी शिजते, तेव्हा कढईत पूर्ण मऊ झाली तर ताटात येईपर्यंत तिचा लगदा होणार.

आणि मीठ अगदी शेवटी. याला कारण आहे. मीठ पडताक्षणी फोडींच्या आतलं पाणी बाहेर येऊ लागतं. भाजी परतायची असताना सुरुवातीला मीठ घातलं, तर पाच मिनिटांत कढईत तळं साचतं आणि परतणं थांबून उकडणं सुरू होतं. अंदाजही चुकतो. कच्च्या फोडींचा कढईभर ढीग पाहून मीठ घालावं, तर तो आळून निम्म्यावर येतो आणि भाजी खारट होते. शेवटी, आळलेली भाजी पाहून, छोटा अर्धा चमचा मीठ घाला, वर थोडं ओलं खोबरं आणि कोथिंबीर. लिंबू पिळायचं असेल तर पानात वाढल्यावर पिळा.

ही झाली परतून करायची रीत. दुसरी रीत वाफेची, आणि ती आपल्या आजी-आयांची जुनी ओळखीची आहे. भाजीवर ताटली झाकायची आणि ताटलीत पाणी ओतायचं. पाणी ताटलीतच राहतं, भाजीत उतरत नाही. आतली वाफ वरच्या गार ताटलीला लागून थेंबाथेंबाने परत भाजीत पडते. भाजी अंगच्या पाण्यात शिजते आणि तळाला करपत नाही. डाळ घालून करायची असेल तेव्हा हीच रीत बरी. पाव वाटी मुगाची डाळ तासभर भिजवून ठेवा, फोडणीत आधी ती निथळून टाका, दोन मिनिटं परता, झुकिनीच्या फोडी घाला आणि इथे मात्र मीठ लगेच घाला, पण बेताचं. आता आपल्याला पाणी सुटायला हवंच आहे, कारण त्याच पाण्यावर डाळ शिजणार. मंद आचेवर ताटलीत पाणी ठेवून आठ-दहा मिनिटं, मधे एकदा ढवळून. डाळ बोटाने चेपली जावी पण अख्खी दिसावी. थोडा गूळ आणि गोडा मसाला घातला तर आपली नेहमीची भाजी झाली. पोळीबरोबर मला याच रीतीची सगळ्यात आवडते.

मीठ आधी की नंतर हे, थोडक्यात, पाणी हवं की नको यावर ठरवा. दोन्ही रीतींमधला बाकी सगळा फरक याच्यामागून आपोआप येतो.

झुकिनीच्या मूळ देशातही हेच करतात. मेक्सिकोत कालाबासितास नावाची घरोघरची भाजी आहे: कोवळा भोपळा, मक्याचे दाणे, टोमॅटो, कांदा आणि मिरची एकत्र, झाकण ठेवून त्यांच्याच रसात शिजवलेली, वरून थोडं चीज. मका, घेवड्याच्या शेंगा आणि भोपळा ही तिन्ही पिकं तिथले लोक पूर्वापार एकाच शेतात एकत्र लावत आले. मक्यावर घेवडा चढतो, घेवडा जमिनीला नत्र देतो आणि भोपळ्याची रुंद पानं जमिनीवर सावली धरून ओल टिकवतात. शेतात शेजारी वाढलेल्या भाज्या कढईतही एकमेकींना धरून राहतात. आपल्याकडे कोवळी कणसं आली की एकदा करून पाहा. अर्धा किलो झुकिनीला वाटीभर मक्याचे दाणे घ्या, आणि चीजऐवजी थोडं पनीर किसून घातलं तरी चालतं.

पीठ पेरूनही ही भाजी छान होते, फक्त पीठ कोरडं भाजून घ्या. परतलेल्या भाजीवर तीन-चार चमचे भाजलेलं बेसन भुरभुरवा, सुटलेलं थोडंफार पाणी पीठ शोषून घेतं आणि प्रथिनंही वाढतात. भाजी थोडी पाणचट झालीच असेल, तर ती सावरायचाही हाच उपाय. एक फोड टाकून न देता दोन मिनिटांत पानात वाढण्याजोगी होते.

कोवळी असेल तर कच्चीही खाता येते. किसून, मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, पिळून घ्या, दही, दाण्याचं कूट आणि वरून हिंग-जिऱ्याची फोडणी. काकडीच्या कोशिंबिरीची ही बहीणच. पिळून निघालेलं पाणी ओतून देऊ नका, त्यात पोटॅशियम आणि क जीवनसत्त्व उतरलेलं असतं. कणीक किंवा थालीपिठाची भाजणी त्याच पाण्यात भिजवा आणि त्या पिठात मीठ कमी घाला. किसलेली झुकिनी थालीपिठात, धिरड्यात मिसळली तर ती लुसलुशीत होतात. तुर्की लोक किसलेली झुकिनी, अंडं आणि पीठ कालवून म्युज्वेर नावाची तव्यावरची चपटी भजी करतात, आणि त्यांचीही पहिली पायरी कीस घट्ट पिळून घेणं हीच असते.

हे सगळं जसंच्या तसं दोडक्याला लागू आहे. कोवळा दोडका शिरा काढून चिरा, डाळीबरोबर ताटलीखाली वाफवा, पाण्याचा थेंबही घालू नका. काढलेल्या शिरा फेकायच्या नाहीत. त्या बारीक चिरून थोड्या तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परता, त्यात तीळ, सुकं खोबरं, लसूण आणि तिखट-मीठ घालून कुटा. झुकिनीला शिरा नसतात, तेव्हा ही चटणी दोडक्याचीच. पडवळाच्या आतला मऊ गर आणि बिया काढून चकत्या करा आणि भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीबरोबर घ्या. ती डाळ मुगाच्या डाळीपेक्षा जास्त वेळ मागते, म्हणून तीन-चार तास भिजलेली हवी. घोसाळी मऊ आणि बुळबुळीत, ती परतून करायच्या भानगडीत पडू नका. तिची भजी करा, नाहीतर दह्यातलं भरीत. दुधी थोडा जून असला तरी चालतो, पण सोलून आणि बियांचा कापसासारखा भाग काढूनच. त्याच्या कोवळ्या सालीची तीळ घालून चटणी होते.

दोडका, दुधी आणि झुकिनी एकाच कुळातल्या असल्या तरी त्यांची घराणी वेगळी आहेत. दुधी मूळचा आफ्रिकेतला आणि भारतात फार जुन्या काळापासून रुजलेला, तर भोपळा, लाल असो की उन्हाळी, अमेरिकेतून जगभर पसरलेला. त्यामुळे परदेशात दोडका मिळत नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी दोडक्याची चव झुकिनीत शोधू नये. तिचा पोत दुधीपेक्षा घट्ट आणि स्वाद काकडी-दुधीच्या मधला आहे. तिला तिच्याच चवीने खा, ती पुरेशी चांगली आहे.

घरच्या बागेत किंवा गच्चीवर झुकिनी लावणाऱ्यांनी रोज पानाखाली बघावं. ती वेलीसारखी पसरत नाही, झुडपासारखी बसते, आणि फळ पानाआड लपून दोन-तीन दिवसांत हातभर होतं. असं फळ राहिलं की झाड पुढची फळं धरणंही मंदावतं. मोठं झालेलं फळ टाकून देऊ नका. उभं चिरून चमच्याने बिया आणि मधला मऊ भाग खरवडून काढा, साल जाड वाटली तर सोला आणि बाकीचं किसून थालीपिठाला किंवा सांबाराला वापरा. फुलंही खातात. लांब देठाची नर फुलं निवडा, ज्यांच्या मागे छोटं फळ नसतं. काही नर फुलं परागीभवनासाठी झाडावर राहू द्या आणि बाकीच्यांची, आपण लाल भोपळ्याच्या फुलांची करतो तशीच, बेसनातली भजी करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते मुद्दाम शेवटी ठेवलं आहे म्हणजे लक्षात राहील. चिरायला घेण्याआधी प्रत्येक फळाची एक छोटी चकती जिभेला लावून पाहा. झुकिनी असो, दुधी असो, दोडका असो. चव कडू लागली तर ताबडतोब थुंकून टाका, चूळ भरा आणि ते फळ पूर्ण फेकून द्या. हा कडवटपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्यांचा असतो. शिजवल्याने ते जात नाही, मीठ लावून पिळल्याने जाईल याचीही खात्री नाही, आणि गूळ-मसाल्याने फक्त चव झाकली जाते. कारल्याचा कडूपणा वेगळा आहे, त्यावरून या भाज्यांचा अंदाज बांधू नका. जर्मनीत २०१५ मध्ये घरच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन ७९ वर्षांच्या गृहस्थांचा मृत्यू झाला. दिल्लीत २०१० मध्ये आणि पुण्यात २०१८ मध्ये दुधीचा रस प्यायल्याने मृत्यू झाले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या विषयावर तज्ज्ञांची समिती नेमली होती आणि तिचा सल्ला अगदी साधा आहे: रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू असेल तर टाकून द्या, दुधीच्या रसात दुसरा कुठला रस मिसळू नका, आणि प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब किंवा अस्वस्थपणा वाटला तर लगेच रुग्णालय गाठा.

दुसऱ्या रसाची गोडी कडूपणा लपवते, म्हणून ती मनाई आहे. बागेतल्या बिया साठवून पुन्हा लावणाऱ्यांनीही जपायला हवं, कारण शोभेच्या भोपळ्यांशी संकर झाला की पुढच्या पिढीत कडू फळं येऊ शकतात. दरवर्षी खात्रीचं बियाणं आणा.

तुमच्या घरात कोणी वडीलधारी माणसं रोज सकाळी दुधीचा रस घेत असतील, तर आजच त्यांना हे सांगा. आधी चकती चाखायची. कडू लागली तर घोटभरसुद्धा प्यायचा नाही.